उंदीर जेवतो कसा?

"लागू पडलं म्हणतोस?"

"पडलं म्हणजे काय, बाई! रोग पार पळाला."

प्रणव उकिडवेनं शोधनिबंध बाईंच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर पेनही ठेवलं, टोपण काढून. पाचच्या आत तो एका परदेशी परिषदेला पाठवायचा होता आणि बाईंच्या सहीवाचून अडला होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत. पठ्ठ्यानं परिषदेसाठी सूटसुद्धा शिवायला टाकला होता.

बाई म्हणजे डॉ. वत्सला केळशीकर. मिरजेच्या त्या संशोधन संस्थेत तीस वर्षं घालवलेल्या. कमी बोलायच्या, आणि जे बोलायच्या ते विद्यार्थ्यांना आठवडाभर पुरायचं.

"काय काय पाहिलंस?"

प्रणव याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्याचे उंदीर जन्मतः धडधाकट असतात. मोठे झाले की त्यांच्या अंगातली रोगाशी लढणारी फौज उलटते आणि स्वतःच्याच लाळग्रंथींवर तुटून पडते. तोंड कोरडं ठाक पडतं. माणसांनाही हा रोग होतो. प्रणवचं औषध त्या फौजेला आवर घालायचं, आणि त्यापायी त्यानं तीन वर्षं घालवली होती.

"ग्रंथींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सूज नाही. सुई टोचून लाळ मोजली. दुप्पट, बाई, दुप्पट!"

"सुई कसली?"

"लाळ सुटायच्या औषधाची. सगळे तशीच मोजतात."

"हं…"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"आणि जेवतो कसा?"

"कोण?"

"उंदीर."

प्रणवला हसू आलं. बाई आता थकल्या, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"वजन टिकून आहे. म्हणजे जेवतच असणार की."

"पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. उंदीर अंधारात जेवतात. माणसांच्या सोयीसाठी उंदीरघरात दिवसाची रात्र केलेली होती. दुपारी बाराला तिथले दिवे जात. प्रणव सकाळी दहाला जायचा, लख्ख उजेडात झोपलेले उंदीर उठवायचा, मोजमाप उरकायचा आणि बाराच्या आत बाहेर पडायचा. तीन वर्षांत दिवे गेल्यावर तो तिथं एकदाही थांबला नव्हता.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता.

"जा. बघून ये."

तो चडफडत गेला. उंदरांना न जाणवणारा मंद लाल दिवा लावून पिंजऱ्यांपुढं स्टुलावर बसला. पाच मिनिटांत उठायचं, असं ठरवूनच बसला होता.

परत आला तेव्हा चार वाजून गेले होते.

बाईंनी समोरची खुर्ची दाखवली. तो उभाच राहिला.

"निरोगी उंदीर कसा जेवतो?"

"निवांत. खाद्याची गोळी धरून कुरतडत बसतो. पाण्याकडे एखाददुसऱ्या वेळी जातो."

"आणि रोगी, औषध न दिलेला?"

"घासागणिक पाण्याच्या नळीकडे धावतो. एक घास, एक घोट. एक घास, एक घोट…"

"आणि तुझा?"

"माझे सहाही पाहिले, बाई."

"मग?"

"तेही धावतात."

बाईंनी निबंध त्याच्यापुढं ठेवला.

"पण सुई टोचली की लाळ सुटते!" तो एकदम म्हणाला. "मी माझ्या हातानं मोजलीय. त्यात खोटं काही नाही."

"खोटं कोण म्हणतंय?"

"घासाला सुटत नाही."

हे त्यानं स्वतःच कबूल केलं. तीन वर्षं पाण्यात गेली याचं दुःख होतंच. पण ज्या जिवांना रोज उठवून सुया टोचल्या, त्यांना कोरडा घास गिळताना आपण आज पहिल्यांदा पाहिलं, याची लाज त्याहून मोठी होती.

बाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. त्यानं घेतला नाही.

पावणेपाच झाले. प्रणवनं पेन उचललं आणि निबंधाच्या पहिल्याच पानावरचं 'तोंडाचा कोरडेपणा पूर्ण बरा झाला' हे वाक्य आडवी रेघ मारून खोडलं. त्यावाचून निबंधात परिषदेला पाठवण्यासारखं फारसं काही उरत नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

पाच वाजून गेले.

"सूज उतरली," अखेर तो म्हणाला. "सुईला लाळ येते. घास मात्र पाण्यावाचून उतरत नाही. मग हे औषध लागू पडलं म्हणायचं की नाही? तुम्हीच सांगा, बाई."

"मला काय विचारतोस?" बाई म्हणाल्या. "माझं तोंड कुठं कोरडं आहे?"