मंचामागच्या बॅटऱ्या

डोंगराला टेकून वसलेले एक गाव होते. निम्मे गाव पायथ्याशी, निम्मे वर पठारावर. मध्ये पाच वळणांचा उभा चढ. पायथ्याला दवाखाना होता, शाळा होती, ग्रामपंचायत होती. पठारावर वारा होता आणि बांबूची बेटे होती. वर कोणी आजारी पडले की त्याला झोळीत घालून चौघे जण खाली आणत. जीप जाईल एवढी रुंद ती वाटच नव्हती.

पायथ्याच्या गावात बाबालाल नावाचा एक मिस्त्री राहत होता. त्याच्या हातात कसब होते, पण तोंडात शब्द नव्हता. चार माणसांसमोर उभे राहायचे म्हटले की तो मागच्या मागे सटके.

झोळीतून येणारी माणसे पाहून त्याला वाईट वाटे. त्याने एक जुनी मोटारसायकल घेतली. तिचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके बसवली आणि त्यांच्यावर माणूस आडवा होईल एवढे बाक केले. सपाटीवर ही तीनचाकी झकास पळाली. पण तिसऱ्या वळणावर इंजिनाला धाप लागली आणि गाडी मागे घसरू लागली.

सहा महिने बाबालाल त्याच विचारात होता. शेवटी त्याने मागच्या दोन्ही चाकांत विजेच्या मोटारी बसवल्या आणि बाकाखाली चार बॅटऱ्या. सपाटीला पेट्रोल पुरे. चढ लागला की बटण दाबायचे, मग पेट्रोल आणि वीज दोघे मिळून गाडी वर नेत. बॅटऱ्या भरायला बारा तास लागत, आणि भरलेल्या बॅटऱ्या एकाच चढाला पुरत.

पहिल्या फेरीला पठारावरची हौसाक्का बसली. ती बांबूच्या टोपल्या आणि सुपे विणायची. वर पोहोचल्यावर तिने बाक थोपटले आणि म्हणाली, "मिस्त्री, दिसायला फटफटी, पण पोटात दोन बैल घातलेत की हो तुम्ही!"

ही गोष्ट सरपंच गुणवंतरावांच्या कानावर गेली. या गाडीसाठी त्यांनी साधा एक नटसुद्धा दिला नव्हता. पण ते म्हणाले, "याचं लोकार्पण झालंच पाहिजे."

मंडप पडला. गाडीला हार घातले. पाहुणे दोन तास उशिरा आले आणि ते येताच वीज गेली. माइक बंद, पंखे बंद. मंडपवाल्याने डोके खाजवले आणि गाडीकडे बोट दाखवले. त्याच्याकडे इन्व्हर्टर होता, बॅटऱ्या नव्हत्या.

"मिस्त्री, द्या तुमच्या बॅटऱ्या," सरपंच म्हणाले.

"पण सरपंच, त्या चढासाठी..."

"आज कोण चढतंय? सगळा गाव तर इथं बसलाय!" लोक हसले. "अहो, आज सत्कार आहे तुमचा. आज तरी पान्हा खाली ठेवा."

सगळा गाव तिथे बसला नव्हता. पठारावरची माणसे बांबू तोडायला गेली होती. बाबालालला ते ठाऊक होते. बॅटऱ्या उतरल्या तर गाडी तिसऱ्या वळणापुढे जाणार नाही, हेही ठाऊक होते. आणि हे ठाऊक असलेला तिथे तो एकटाच होता. एक वाक्य बोलायचे होते. पण दोनशे डोळे त्याच्याकडे लागले होते. त्याने मान खाली घातली आणि स्वतःच्याच हाताने नट सोडवले.

बॅटऱ्या मंचामागे गेल्या. पाहुण्यांवर चार पंखे फिरू लागले. भर दुपारी, लख्ख उन्हात, रंगीत दिव्यांच्या माळा लुकलुकू लागल्या. स्वागत झाले, प्रास्ताविक झाले, मग प्रास्ताविक करणाऱ्याचाही सत्कार झाला. बाबालालला शाल आणि नारळ मिळाला. असे तीन तास गेले.

मुख्य पाहुणे सांगत होते, "या गाडीमुळे आता एकाही रुग्णाला वाटेत अडकावं लागणार नाही," आणि तेवढ्यात आरोग्यसेविका सुगंधाताई धावत आली.

"मिस्त्री, गाडी काढा! वरून निरोप आलाय, हौसाक्काला घोणस चावली. उजव्या हाताला."

बाबालालने मंचामागे जाऊन वायरी उपटल्या. माइक बंद पडला. "अहो, पाहुण्यांचं भाषण तरी पुरं होऊ द्या!" सरपंच ओरडले. या वेळी तो थांबला नाही. त्याने बॅटऱ्या बसवल्या आणि सुगंधाताईला घेऊन निघाला.

पहिले वळण गेले. दुसरे गेले. तिसऱ्यावर मोटारी कण्हल्या आणि गप्प झाल्या. एकट्या इंजिनाला ओझे ओढवेना. दोघांनी उतरून खांदा लावला, पण गाडी मागेच येऊ लागली. शेवटी चाकांमागे दगड लावून दोघे पायीच वर पळाले.

हौसाक्का झोळीतूनच खाली आली. गाडीने ती अर्ध्या तासात आली असती, त्याला अडीच तास लागले. तिथून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. जीव वाचला. पण उजव्या हाताची दोन बोटे काळी पडली होती, ती कापावी लागली. त्याच बोटांत धरून ती बांबूच्या पट्ट्या विणायची.

सरपंच गावभर सांगत सुटले, "मिस्त्रीची गाडीच कच्ची. आम्ही उगाच मान दिला."

बाबालालच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तडक तालुक्याला गेला आणि हौसाक्काच्या खाटेजवळ उभा राहून कधी नव्हे ते भडाभडा बोलला. "अक्का, त्या माणसाला लाज नाही! माझ्या बॅटऱ्यांवर पंखे फिरवले, दिवे लावले, आणि वर मलाच नावं ठेवतो!"

हौसाक्काने ऐकून घेतले. मग विचारले, "बॅटऱ्या काढल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"तिथंच."

"काय बोललात?"

"'त्या चढासाठी...' एवढंच."

"सरपंचाला बॅटरीतलं काय कळतंय? त्याला हार कळतो, माइक कळतो. तुम्हाला कळत होतं, मिस्त्री. मग तुमचं तोंड कुणी शिवलं होतं?" तिने पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला. "घरी जा. मला नका सांगू हे. जिथं सांगायचं तिथं सांगा."

पुढच्या ग्रामसभेत बाबालाल उभा राहिला. त्याने आधी स्वतःची चूक सांगितली, मग सरपंचांची, त्यांच्या तोंडावर. गाडीच्या बॅटऱ्यांना यापुढे कोणी हात लावायचा नाही, असा ठराव त्याने सभेकडून करून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हौसाक्काची बोटे मात्र परत आली नाहीत.

तात्पर्य: धोका ज्याला कळतो, त्याने कोणाचा मान राखण्यासाठी गप्प बसू नये, त्याच्या गप्प बसण्याची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते.