नकाशातला तट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. ते राज्य कुठलं, हे आता कुणालाच आठवत नाही, आणि आठवून उपयोगही नाही. तशी राज्यं सगळीकडेच असतात.

त्या राज्याची राजधानी एका किल्ल्यात वसलेली होती. राजाच्या मनात आलं, आपल्या किल्ल्याचा मोठा नकाशा करून घ्यावा आणि तो दरबारात सिंहासनामागे लावावा. आता किल्ल्याचा नकाशा ही काय चारचौघांत टांगायची वस्तू आहे? पण राजाची हौस, तिला आवर कोण घालणार?

काम मिळालं एका म्हाताऱ्या चिताऱ्याला. माणूस हाडाचा कारागीर. गाठी मारलेली दोरी घेऊन तो महिनाभर तटाच्या कडेकडेने फिरला. बुरूज मोजले, दरवाजे मोजले, पायऱ्यासुद्धा मोजल्या. पश्चिमेला करवंदीच्या जाळीत शिरला तेव्हा मात्र दोरी त्याच्या हातातच राहिली. तिथे तट ढासळला होता. बैलगाडी सहज आत येईल एवढं खिंडार होतं, आणि जाळी माजल्यामुळे ते वरून दिसत नव्हतं.

त्याने ही गोष्ट किल्लेदाराच्या कानावर घातली. किल्लेदाराचा चेहरा उतरला. दर दसऱ्याला तो राजाला छातीठोकपणे सांगत आला होता की किल्ला अभेद्य आहे. आता कुठल्या तोंडाने खिंडाराची गोष्ट काढणार?

"चितारीबुवा," तो म्हणाला, "नकाशात तट सरळ काढा. पावसाळा संपला की मी तो बांधून घेतो. कागदावर खिंडार दाखवलंत, तर उद्या शत्रूच्याही नजरेत येईल."

हे शेवटचं चिताऱ्याला पटलं. खरं सांगायचं तर त्याला ते पटवून घ्यायचंच होतं, कारण एवढ्या देखण्या नकाशात ते भगदाड त्यालाही नको होतं. त्याने पश्चिमेचा तट अखंड काढला, वर गेरूचा हात फिरवला, आणि पायथ्याशी हौसेने दोन मोर काढले. राजा खूश झाला. त्याने चिताऱ्याच्या मनगटात सोन्याचं कडं घातलं.

पावसाळा संपला. दुसराही संपला. तट काही बांधला गेला नाही. नकाशात तो धड होता ना, मग घाई कसली? चिताऱ्याने एकदा आठवण केली, किल्लेदार 'करू, करू' म्हणाला, आणि दोघांनी तो विषय सोडला. कडं मात्र चिताऱ्याला दिवसेंदिवस जड वाटू लागलं.

आणि एके दिवशी सकाळी बातमी आली, शेजारचा राजा फौज घेऊन निघाला आहे आणि चार दिवसांच्या वाटेवर आहे.

राजाने नकाशासमोर उभं राहून हुकूम सोडले. माणसं थोडी आणि तट लांब. पूर्वेचा तट ठेंगणा दिसत होता, तिथे सगळे शिपाई लावले. पश्चिमेचा तट सर्वांत भक्कम दिसत होता, तिथे कुणालाच ठेवलं नाही. उलट गावातल्या बायका-मुलांना त्याच तटाखालच्या धर्मशाळेत हलवायला सांगितलं. त्यांत चिताऱ्याची लेकही होती, अंगावर पिणारं बाळ घेऊन.

 तिथे जाऊ नकोस, म्हणून चिताऱ्याने लेकीला परोपरीने विनवलं. ती हसली.

"आबा, तो तट तुम्हीच काढलाय ना? मग भीती कसली?"

तिने बाळाला कडेवर घेतलं आणि ती निघाली.

त्याच दुपारी पहारेकऱ्यांनी एक हेर पकडला. त्याच्या पागोट्यात एक चुरगळलेला कागद सापडला. त्यावर कोळशाने हाच किल्ला रेखाटला होता. रंग नाहीत, मोर नाहीत; पण सगळे बुरूज जागच्या जागी होते, आणि पश्चिमेला तटाची रेघ मध्येच तुटली होती. तिथे फुली मारलेली होती. अशीच दुसरी प्रत आधीच फौजेकडे गेल्याचं त्याने कबूल केलं.

कागद पाहून राजा मोठ्याने हसला. शत्रूचा हेर आंधळा दिसतो, म्हणाला. येऊ देत त्यांना पश्चिमेला, आमच्या तटावर डोकी आपटून घेतील. दरबार हसला. किल्लेदारही हसला, पण त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. मग राजाने चिताऱ्याला पुढे बोलावलं.

"चितारीबुवा, तुमचा हात सगळ्यांत पक्का. यांना सांगा, कोणता नकाशा खरा?"

चिताऱ्याने किल्लेदाराकडे पाहिलं. किल्लेदार डोळ्यांनीच त्याला विनवत होता. खोटा नकाशा काढणाऱ्याचा हात तोडतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. याच हाताने चिताऱ्याचा संसार चालवला होता. गप्प राहिलं तर हात वाचत होता. पण लेकीचं बोलणं काही त्याच्या कानांतून जाईना.

त्याने कडं काढून राजाच्या पायाशी ठेवलं.

"महाराज, त्याचा नकाशा खरा आहे, माझा खोटा. शत्रूपासून लपवायचं म्हणून मी खिंडार बुजवलं. शत्रूला तर ते ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तुम्हाला."

 राजाचा हात तलवारीवर गेला, आणि बऱ्याच वेळाने खाली आला. कुणाचा हात तोडून तट उभा राहत नाही, एवढं शहाणपण त्याच्यात होतं. त्याने किल्लेदाराची किल्लेदारी काढून घेतली आणि हुकूम दिला, की किल्लेदाराचं आणि चिताऱ्याचं घर पाडा, ते दगड खिंडाराला लावा, आणि वाहून न्यायला या दोघांनाच पुढे धरा.

तीन दिवस सगळं गाव राबलं. बायकांनी पाट्या उचलल्या, गवंडी उभ्या उभ्या जेवले. चौथ्या दिवशी सकाळी शत्रूची फौज फुलीवर विसंबून थेट करवंदीच्या जाळीतून वर आली. समोर ओल्या चुन्याचा तट होता आणि वर धनुष्यं ताणलेले शिपाई. वेढा घालून बसायची तयारी त्यांनी केलीच नव्हती. दुपारपर्यंत टिकले आणि माघारी फिरले.

चिताऱ्याचं घर गेलं ते गेलंच. म्हातारपण त्याने लेकीच्या ओसरीवर काढलं. पाडलेल्या घराच्या दाराशी त्याने पूर्वी रंगवलेला एक मोर त्या तटातल्या दगडावर येता-जाता दिसे, तेव्हा तो मान खाली घाली. राजाने सिंहासनामागचा नकाशा उतरवला आणि चिताऱ्याकडूनच नवा काढून घेतला. त्यात रंग नव्हते, पण तटाची प्रत्येक भेग तांबड्या शाईने दाखवली होती. तो नकाशा राजा कुणाला दाखवत नसे. स्वतः मात्र दर महिन्याला उघडून पाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपलं खिंडार आपणच आपल्यापासून लपवलं, तर ते फक्त शत्रूलाच दिसतं.