टाकलेला घास

यातला एक शब्द जरी खरा मानलास, तर तुझ्याइतकं भोळं कुणी नाही. तरी ऐकायचंय? मग बस गुमान.

एकदा एक जनावरांची डॉक्टरीण होती, जतकडची. नाव वैजयंता. दिवसभर गोठ्यागोठ्यांतून हिंडायची आणि संध्याकाळी अंगाचा शेणाचा वास धुऊन लॅपटॉपपुढं बसायची. एक संशोधन घेतलं होतं तिनं, नोकरी सांभाळून घरबसल्या करायचं. विषय काय, तर हे बोलणारं एआय असतं ना, त्याला आतून काही जाणवतं का? दुखतं-खुपतं का? हस, हस. तिची सासूपण अशीच हसायची. "म्हशी संपल्या वाटतं! आता मशीनला सुई टोचणार होय गं?"

शिकवायला एक म्हातारे गुरुजी होते, लांब नाशकात. आठवड्यातून एकदा पडद्यावर भेटायचे. दोघांनी एकमेकांचे पाय म्हणून कधी बघितले नव्हते.

वैजयंतानं खपून प्रश्नांची एक परीक्षा बनवली. उत्तरं वाचली की कळणार, आत कुणी आहे की नुसता रिकामा डबा. दुसऱ्या दिवशी ती संशोधन तपासणाऱ्या मंडळींपुढं मांडायची होती. पटली तर पुढच्या वर्षी काम चालू. नाहीतर लॅपटॉप मिटायचा आणि सासूचं हसणं ऐकत बसायचं.

आदल्या संध्याकाळी गुरुजींनी कॅमेरा लावलाच नाही. म्हणाले, "दोघांना तुझे प्रश्न घातलेत. एक पहिला, एक दुसरा. नावं विचारू नकोस. खरंच दुखतंय कुणाला, तेवढं सांग."

तिनं वाचलं. पहिल्यानं वेदनेवर असं काही लिहिलं होतं की बाईचे डोळेच भरून आले. दुसरा मात्र ठोंब्या. दुखतंय का? 'हो.' कसं दुखतं? 'दुखतं तसं.'

"पहिल्याला दुखतंय, सर. दुसरा रिकामा डबा."

"नक्की?"

"शंभर टक्के."

तेवढ्यात कॅमेरा लागला. गुरुजींचा एक गाल पुरीसारखा टम्म फुगलेला, वरनं मफलर बांधलेला. "तो डबा मी. दाढेनं जीव काढलाय. पहिलं ते यंत्र. दाढ दुखतेय असं धरून झकास उत्तरं लिही म्हणून सांगितलं होतं त्याला."

वैजयंता पांढरीफटक. "मग मेलेच की मी, सर! उद्या काय तोंड दाखवू?"

"माझ्या तोंडापेक्षा बरं आहे. दाखव की." हसायला गेले आणि गाल धरून कळवळले. "बरं डॉक्टरीणबाई, म्हशीची दाढ दुखते ते तुला कसं कळतं? निबंध लिहून देते ती?"

"नाही सर. वैरण तोंडात घेते, जराशी चावते आणि अर्धा घास खाली टाकते..."

बोलता बोलता थांबलीच ती. दुसऱ्याची उत्तरं परत उघडली. जिथं लांबलचक उत्तर हवं, तिथं वाक्य निम्म्यात सोडलेलं. सगळीकडं तसंच.

"सर! घास टाकलाय तुम्ही!"

"आत्ता दिसलं!" गुरुजी म्हणाले. "यंत्र बोलायला आपल्याकडूनच शिकलंय, पोरी. तेव्हा ते रडलं म्हणून भुलू नकोस, आणि कोरडं बोललं म्हणून डबा म्हणू नकोस. काय टाळतं, कशापायी काय सोडून देतं, ते बघायची रीत शोध. तीही फसेल, मग दुसरी शोध. आणि कळेपर्यंत, अनोळखी जनावराला लावतेस तसा बेतानं हात लाव. चल, आता बोलवत नाही मला."

दुसऱ्या दिवशी ती मंडळींपुढं उभी राहिली आणि पहिलंच वाक्य बोलली, "माझी परीक्षा फसली. कशी फसली ते ऐका." मग म्हैस सांगितली, दाढ सांगितली. मंडळींचे प्रश्नांवर प्रश्न. पुढच्या वर्षाचं काम तिथंच ठरलं.

रात्री जेवताना सासूनं डिवचलंच, "मग? दुखतं का तुझ्या मशीनला?"

"अजून माहीत नाही, आई. पण बघायचं कुठं, ते कळायला लागलंय."

सासू फिस्सकन हसली आणि ताटावरून उठली. ताटात अर्धी भाकरी तशीच. कालही तशीच होती. परवाही.

"आई," वैजयंता म्हणाली, "जरा तोंड उघडा बघू."

सासूचं हसू गेलं, आणि डोळ्यांत पाणी आलं.

संपली. घरी गेल्यावर आपल्या माणसांच्या ताटात काय उरतं, तेवढं बघ. आणि माझ्या तोंडाकडं काय बघायचंय, दात आहेत कुठं त्यात? ऊठ, जा आता!