डाकेचा घोडा

सोनवडी संस्थानाला डाकेसाठी घोडा घ्यायचा होता. दिवाण त्र्यंबकपंतांनी अटी लिहिल्या. घोडा तांबूस हवा, डाव्या कानावर पांढरा ठिपका हवा, शेपटी आखूड हवी.

"अशीच दवंडी पिटवा. अक्षर बदललंत तर नोकरी जाईल," त्यांनी कारकून चिमणाजींना बजावलं.

चिमणाजींनी अक्षरही बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी विचारलं, "किती घोडे आले?"

चिमणाजी म्हणाले, "विकायला एकही नाही, महाराज. वर्णन ऐकून दिवाणजींच्या मेहुण्याचाच घोडा हरवला असं समजून लोकांनी तो चार वेळा पकडून मेहुण्याच्या दारी नेऊन बांधला."

महाराज पोट धरून हसले. "मग अटी लिहायच्या तरी कशा?"

"रूप सोडावं. दिवसात किती कोस धावतो, तेवढंच लिहावं."

संध्याकाळपर्यंत सतरा घोडे आले. मेहुणा मात्र फिरकलाच नाही.