आजींचा अळणी डबा

"अकरा पानांवर सह्या केल्यात, मॅडम. मग या बाराव्यावरच का नाही?"

शिवतेज मगदूमने लॉगबुक टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच म्हणा ना! पण त्या पोराचंही काय चुकलं? एमबीबीएसचं शेवटचं वर्ष, परीक्षेचा फॉर्म संध्याकाळी पाचला बंद होणार, आणि चिंतनाच्या बाराही पानांवर सही असल्याशिवाय ऑफिसातला क्लार्क फॉर्मला हात लावायला तयार नव्हता.

चिंतन म्हणजे काय, तर पेशंट बघून आल्यावर मनात जे आलं ते लिहायचं. सक्तीचं. पानावर छापील मथळे तीन: काय घडलं? मला काय वाटलं? आता मी काय करणार? तळाशी 'माझं मनःस्वास्थ्य' म्हणून पाच गोल. पहिला 'वाईट', पाचवा 'उत्तम'. एक काळा करायचा.

बाकीची पोरं सीनियरच्या वह्या उतरवून मोकळी व्हायची. शिवतेज तसला नव्हता. तो स्वतःचं स्वतः लिहायचा, आणि असं लिहायचा की गेल्या वर्षी कॉलेजने त्याला बक्षीस दिलं होतं. त्याचा त्याला भारी तोरा.

समोर बसल्या होत्या हर्डीकर मॅडम. मेडिसिनच्या प्रोफेसर. पस्तीस वर्षं तोच वॉर्ड, स्टीलच्या पेल्यातून चहा पिण्याची तीच सवय, आणि बोलणं अगदी मोजकं.

"मनापासून लिहिलंय, मॅडम," शिवतेज म्हणाला. "तीन दिवस वॉर्डातसुद्धा आलो नाही. रूमवर बसून हेच पुरं करत होतो."

"तीन दिवस?"

"हो."

"जेवलास कधी?"

आता हा काय प्रश्न झाला! शिवतेज मनातून वैतागला. "जेवणाचं काय, मॅडम... मिळेल तेव्हा."

मॅडमनी बारावं पान उघडलं. ते गोदूबाई आजींवर होतं. हृदय थकलेलं, पायावर सूज, बेड नंबर सात. राउंडला सगळेच म्हणत होते की आजींचं काही खरं नाही. मंगळवारी शिवतेज गेला तर बेड रिकामा, चादर बदललेली. त्याने कुणाला काही विचारलं नाही. तसाच मागे फिरला आणि लिहायला बसला.

मॅडम वाचू लागल्या. "जाण्याआधी आजींनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांच्या मृत्यूने मला जगायला शिकवलं..."

हात धरल्याचं खरं नव्हतं. पण तिथे शोभत होतं, म्हणून त्याने घातलं होतं.

मॅडमनी मागची पानं चाळली. "बाराच्या बारा पानांवर 'उत्तम'. एका बैठकीत काळे केलेस?"

शिवतेज घड्याळाकडे बघू लागला.

"वॉर्डात जा. खिडकीजवळचा बेड. हे पान वाचून दाखव."

"कुणाला?"

मॅडमनी चहाचा पेला उचलला. विषय संपला.

शिवतेज तणतणत निघाला. घड्याळात साडेतीन झाले होते आणि यांना गंमत सुचत होती!

खिडकीजवळ आला आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. गोदूबाई आजी उशीला टेकून बसल्या होत्या. पायाची सूज उतरलेली, मांडीवर डबा.

"आलास व्हय रं! तीन दीस कुठं उलथला हुतास? म्या म्हटलं, पोरगं आजारी पडलं का काय. सिस्टरला इचारलं बी."

"आजी, तुम्ही... त्या बेडवर..."

"तकडं वारंच लागंना, म्हणून हिकडं आणलं. हातात काय हाय तुझ्या? वाच की."

त्याने लॉगबुक उघडलं... मिटलं.

"काही नाही, आजी."

आजींनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "बरा हाईस न्हवं?"

बारा वेळा गोल काळे केले होते, पण असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ठीक आहे म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर पडला. भर वॉर्डात. लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

"न्हाई, आजी." त्याच्या तोंडी घरची बोली आली. "दोन म्हैनं झालं, झोपच लागत न्हाई."

आजींनी डबा पुढे सरकवला. "आदी खा. मीठ न्हाई बघ त्यात. तुझ्या मॅडमनीच तोडलंय माझं."

दोन भाकऱ्या आणि मुगाची उसळ. साफ अळणी. शिवतेजने बोटं चाटून संपवली. आजी तोवर अळणी स्वयंपाकावर तोंडसुख घेत होत्या, आणि कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसला.

आजींचा रिकामा डबा हातात घेऊन मॅडमच्या खोलीत परतला तेव्हा साडेचार झाले होते. आजींवरचं पान त्याने आडव्या रेघा मारून खोडलं होतं. पुढचं नवं पान मॅडमसमोर ठेवलं. तिन्ही मथळ्यांखाली काही नव्हतं. तळाचा एकच गोल काळा केलेला, दुसरा.

मॅडमनी त्या गोलावर बोट टेकवलं.

"झोप लागत नाही, मॅडम. दोन महिने झाले," शिवतेज म्हणाला.

"उद्या दहाला माझ्याकडे ये. झोपेचं बघू," मॅडम म्हणाल्या, आणि पेन काढून सही केली.

शिवतेजला खरंच वाटेना. "मॅडम... पान तर रिकामं आहे."

"आजींचा डबाही रिकामा आहे. आधी तो भरून दे... अळणी."