दिव्यांचा डबा

ऊन असं तापलं होतं की दुकानातल्या गारव्यातून बाहेर पडावंसं कुणाला वाटेना. गेनूआबा शेजारच्या इस्माईलला सोबत घेऊन नातीच्या, रेवाच्या, गेमिंग कॉम्प्युटरसाठी आले होते. गेम पळावा म्हणून तिला दमदार ग्राफिक्स कार्ड हवं होतं. दुकानदार मात्र रंगीत दिव्यांचा काचेचा डबा, म्हणजे कॉम्प्युटरचं कॅबिनेट, गळ्यात मारत होता. दोन्ही घेण्याइतके पैसे नव्हते.

"कार्ड हलकं असलं तरी चालतंय हो! आजोबा, तुम्हाला यातलं काय कळणार? खरी शान दिव्यांनी येते."

आबा सावकाश म्हणाले, "खरंय मालक. वरातीतसुद्धा शान बत्त्यांनीच येते. पण नवरदेव काही बत्तीवर बसत नाही. आमच्या पोरीला घोडा द्या, बत्त्या राहू द्या तुमच्याकडंच."

दुकानदारानं दमदार कार्ड काढलं.

इस्माईल हळूच म्हणाला, "आबा, उद्या माझ्या फ्रिजलाही चला."