राज्याबाहेरची नदी

नावाड्यांची मतं धरायचीच नाहीत, असं राजा भूपतसेनाने भर दरबारात फर्मावलं आणि जिंकलेला माणूस बसल्या जागी हरला.

शेंदूरघाटच्या नगरसभेवर माणूस निवडायची रीत साधी होती. घरटी एक सुपारी, ज्याला पसंती त्याच्या घागरीत. सोनबा बुरूड जिंकला, उदाजीराव हरला. आता हा उदाजीराव पडला राजाचा सख्खा मेहुणा! निवडणुकीचे तंटे न्यायसभेने ऐकायचे असा नियम होता, पण मेहुण्याचं पडलेलं तोंड बघून राजाने तंटा स्वतःकडे ओढला.

"नावाडी होड्यांवर राहतात," उदाजीराव म्हणाला. "ज्यांच्या घराला उंबरठा नाही, त्यांची सुपारी कसली?"

"खरंय. नदी माझ्या राज्यातच नाही," राजाने ठोकून दिलं.

नावाड्याची पोर साळू पुढे झाली. बापाची सुपारी घागरीतून काढून फेकलेली पाहून तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "अन् नदी राज्यात असली तर, महाराज?"

"उद्या सांजेपर्यंत माझ्याच तोंडून तसं वदवून दाखव. मग सुपाऱ्या परत घागरीत!"

दुसऱ्या दिवशी राजा मेहुण्याला घेऊन होडीने नदीपलीकडे पुरणपोळीच्या पंगतीला निघाला. वल्ही साळूच्या हाती. ऐन मध्यावर तिने वल्ही आत ओढली आणि खुशाल जाळं विणत बसली.

"थांबलीस का? चल, आज्ञा आहे."

"कुणाची?"

"राजाची!"

"राजा तिकडं, काठावर. हे परराज्य हाय, महाराज."

होडी धारेला लागली. काठावर मांडलेली पानं मागे पडू लागली. राजाच्या पोटात कावळे कोकलत होते. उदाजीरावाला पोहता येत नव्हतं, त्याने होडीची कड घट्ट धरली. "दाजी, काहीतरी बोला हो," तो रडकुंडीला आला.

"बाई गं, नदी माझीच! या काठापासून त्या काठापर्यंत माझ्याच राज्यात!"

साळूने वल्ही पाण्यात घातली. "मग सुपाऱ्या घागरीत. अन् तंटा न्यायसभेकडं."

"माझ्याकडे का नको? न्यायसभेहून मी मोठा."

"न्यायसभेनं निकाल दिला की मिटलं. तुमी दिलात, तर हे पावणे राणीसाहेबांकडं दाद मागायला जातील. अन् तिथं तुमचं काय चालतंय?"

राजा इतका हसला की होडी डुलली आणि उदाजीराव होडीतच आडवा झाला. पंगतीत राजाने साळूला शेजारच्या पाटावर बसवलं, हातातलं सोन्याचं कडं तिला दिलं आणि तिच्या पोळीवर तूप वाढायला उदाजीरावाला उभं केलं.